सोंग नवं, खेळ तोच?

भाचा अकरावीत आहे. सुट्टीत जालन्याला आला की त्याचा फोन कायम चार्जरला, आणि चार्जरची वायर पोचेल तेवढ्या अंतरावर तो. यंदा दिवाळीत मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. पडद्यावर डोंगर, खाली दरी, आणि पिवळ्या केसांचा एक मुलगा कड्यावरून उडी टाकून पंख उघडतोय. गेमचं नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. "मामा, असला गेम याच्याआधी झालाच नाही," तो म्हणाला. मी विचारलं, "नवीन काय आहे त्यात?" त्यानं फोनच माझ्यापुढं धरला. "ग्राफिक्स बघा ना!"

ग्राफिक्स देखणे होते, यात वाद नाही. पण त्याच्या उत्तरानं मला बहुरूपी आठवला. सुगी सरली की भोकरदन-जाफराबादकडच्या गावांतून तो फिरायचा. कधी खाकी कपड्यांतला फौजदार होऊन दारात दरडावायचा, कधी अंगाला राख फासून शंकर व्हायचा. आम्ही पोरं ओरडायचो, नवं सोंग आलं! आजी सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "सोंग नवं असंल, माणूस तोच हाय."

ऑनलाइन गेमच्या बाबतीत आजीचा हा निकष फार उपयोगी पडतो. दर वर्षी-दोन वर्षांनी एखादा गेम येतो आणि त्याचा उदोउदो होतो. त्यात खरोखर नवं काय आणि रंगरंगोटी किती, हे ओळखायचं कसं? त्यासाठी या खेळांचा जन्म कुठं झाला, तिथून सुरुवात करावी लागते.

फाशांपासून सर्व्हरपर्यंत

रोल-प्लेइंग गेम म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. त्याचं आजचं रूप १९७४ साली अमेरिकेत ठरलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा बैठा खेळ छापला. टेबलाभोवती चार-सहा जण बसायचे. एक जण गोष्ट पुढं न्यायचा, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रं घ्यायचे. तलवारीचा घाव लागला की हुकला, हे फासे ठरवायचे. पात्राची ताकद आणि अक्कल आकड्यांत मोजायची, अनुभव साठला की वरच्या लेव्हलला चढायचं आणि नशीब फाशांवर सोडायचं, या तिन्ही गोष्टी त्या टेबलावर पक्क्या झाल्या. भाच्याच्या फोनमध्ये त्या आजही जशाच्या तशा आहेत, फक्त फासे दिसत नाहीत.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं हे सोंग संगणकावर चढवलं. त्याच्या खेळाचं नाव 'मड'. रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्यानं तो पुढं वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं. "तुम्ही अरुंद वाटेवर उभे आहात" असं वाक्य उमटायचं, आणि खेळाडूनं "उत्तर" असं टाइप केलं की पुढचं वाक्य. मग त्यात विशेष काय? वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसं एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरत होती आणि एकमेकांना भेटत होती. ग्राफिक्स शून्य असलेला हा खेळ म्हणजे या प्रकारातली सगळ्यांत मोठी उडी होती.

म्हणून नवेपण मोजताना गेमचे चार थर वेगळे करून पाहावेत. पहिला थर सोंगाचा: चित्रं, संगीत, कथा, पात्रं. दुसरा डावाचा: काय करता येतं, काय नाही, जिंकणं-हरणं कशावर ठरतं. तिसरा माणसांचा: एक खेळाडू दुसऱ्याचं काय भलंबुरं करू शकतो. आणि चौथा गल्ल्याचा: कंपनीला पैसा कुठून मिळतो. जाहिरात बहुतेक वेळा पहिल्या थराची होते. इतिहास घडतो तो बहुधा खालच्या तिन्ही थरांत.

माणसं आली की गडबड आलीच

१९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'चं उदाहरण घ्या. निर्माता रिचर्ड गॅरिअट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यात जिवंत जंगल उभं करायचा बेत आखला होता. गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे प्राणी, आणि गवत-सावज कमी झालं की भुकेनं गावाकडं वळणारी श्वापदं. चाचणीसाठी खेळाडू आत सोडले, तर त्यांनी दिसेल तो प्राणी मारत सुटून जंगल रिकामं केलं. प्राणी जन्माला येण्याच्या वेगापेक्षा मरण्याचा वेग जास्त झाला, आणि ती सगळी रचना काढून टाकावी लागली. त्याच चाचणीत, ऑगस्ट १९९७ मध्ये, गॅरिअट स्वतः राजाचं सोंग घेऊन प्रजेला भेटायला गेला, आणि एका खेळाडूनं आगीचा मंत्र टाकून राजालाच जाळून मारलं. यातलं काहीही निर्मात्यांनी लिहिलेलं नव्हतं.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' मे २००३ मध्ये आला. अवकाशातली जहाजं, खाणी, व्यापार असा त्याचा पसारा. बहुतेक जहाजं खेळाडूच बांधतात, खेळाडूच विकतात, आणि भाव बाजार ठरवतो. जालन्याच्या मोंढ्यात आवक वाढली की मोसंबीचा भाव पडतो, तसा तिथं खनिजांचा पडतो. हा बाजार इतका वाढला की कंपनीनं २००७ मध्ये त्याच्यावर लक्ष ठेवायला एक अर्थतज्ज्ञ नोकरीवर घेतला. जानेवारी २०१४ मध्ये तिथं एका गटाकडून आपल्या ताब्यातल्या प्रदेशाचा हप्ता भरायचा राहून गेला. शत्रूनं ती संधी साधली. जवळपास २१ तास लढाई चालली, सात हजारांहून अधिक खेळाडू त्यात ओढले गेले, आणि नष्ट झालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलर निघाली. थकलेल्या हप्त्यावरून पेटलेलं हे युद्ध कोणत्याही पटकथाकाराला सुचलं नसतं.

नोव्हेंबर २००४ मधल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची गोष्ट याच्या उलट. त्यानं मुळात नवं फारसं काही शोधलं नाही. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मधल्या कटकटी काढल्या, नवख्याला वाट दाखवली, मरणाची शिक्षा हलकी केली. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. घासून-पुसून लखलखीत केलेली जुनी वस्तू अस्सल नव्या वस्तूपेक्षा जास्त खपते, हा धडा सगळ्या धंद्यानं तिथून घेतला. तरी याही खेळात माणसांनी आपला हिसका दाखवला. सप्टेंबर २००५ मध्ये एका राक्षसाच्या गुहेपुरती मर्यादित असायला हवी होती अशी एक साथ खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर पडली आणि शहरांतून पसरली. कुणी पळालं, कुणी दुसऱ्यांना वाचवायला धावलं, कुणी मुद्दाम रोग पसरवत हिंडलं. पुढं साथरोगांच्या अभ्यासकांनी या प्रकारावर शोधनिबंध लिहिले.

'मड'वाल्या बार्टलनं १९९६ मध्ये एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवरून मांडले. चौकट, म्हणजे हिरेमाणकं गोळा करणारे. त्यांना लेव्हल आणि बक्षिसं हवीत. इस्पिक, इंग्रजीत या रंगाच्या नावाचा अर्थ फावडं, म्हणून खणून शोधणारे. बदाम, म्हणजे माणसांत रमणारे. आणि किलवर, मूळ अर्थ सोटा, म्हणून दुसऱ्याच्या डोक्यात तो घालण्यात सुख मानणारे. चारही रंग असले तरच पत्त्यांचा जोड पुरा होतो. कोणत्याही नव्या गेमला हा प्रश्न विचारता येतो: यातल्या कुणासाठी तू काय आणलंस?

आता भाच्याचा गेम

'गेन्शिन इम्पॅक्ट' शांघायच्या मिहोयो कंपनीनं २८ सप्टेंबर २०२० रोजी आणला. कंपनी २०१२ मधली, तिघा विद्यार्थी मित्रांनी काढलेली. गेमची पहिली झलक २०१९ मध्ये दिसली तेव्हाच ओरड झाली, की ही तर निन्टेन्डोच्या २०१७ मधल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची नक्कल. कुठल्याही कड्यावर चढणं, चढताना दम संपणं, पंख उघडून तरंगणं, रानातली फळं तोडून रांधणं, सगळं तिथलंच. शांघायच्या चायनाजॉय प्रदर्शनात एका चाहत्यानं, हा गेम प्लेस्टेशनवर येणार याच्या निषेधार्थ, आपला प्लेस्टेशन आपटून फोडला.

म्हणजे सोंगाच्या थरात उसनवारी बरीच. पण उसनं आणलेलं सोंगही नेटानं सजवलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यात 'सुमेरू' नावाचा प्रदेश आला. त्याची मांडणी भारत, इराण आणि पश्चिम आशियाच्या संस्कृतींवरून केलेली. तिथले अरण्यातले बुटके जीव माणसाला 'नर' म्हणतात, त्यांच्या मोठ्या कथेचं नाव 'आरण्यक', आणि ज्ञानाचं जाळं आहे त्याचं नाव 'आकाश'. शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी मुलाला हे ओळखीचं वाटतं. गंमत अशी की याच गेममध्ये मजकूर वाचायला डझनावर भाषा आहेत, पण त्यांत हिंदी नाही आणि मराठीही नाही. भारतापुरता वेगळा सर्व्हरही नाही; आपली मुलं बहुधा आशियाचा सर्व्हर निवडतात आणि लॅग झाला की नेटवर्कला शिव्या घालतात.

डावाचा थर मात्र दाद देण्याजोगा आहे. या जगात सात तत्त्वं आहेत: वारा, खडक, वीज, वनस्पती, पाणी, अग्नी, बर्फ. खेळाडूच्या हाती चार पात्रांची टोळी असते आणि लढताना तो क्षणात एकावरून दुसऱ्यावर जातो. एकानं शत्रूला भिजवायचं, दुसऱ्यानं बर्फाचा वार करून गोठवायचं. भिजलेल्यावर वीज टाकली तर झटके बसत राहतात, आग टाकली तर वाफ होऊन घाव वाढतो. तत्त्वांचे असे मेळ आधीच्या खेळांतही होते. पण सारी लढाई त्यांच्यावर उभी करणं, पात्रांची अदलाबदल हाच तिचा ताल ठेवणं, आणि ते फोन, संगणक, प्लेस्टेशन यांवर एकाच वेळी, एकाच खात्यात चालवणं, ही जोडणी नवी होती. शिवाय दर सहा आठवड्यांनी नवा भाग देण्याचं वेळापत्रक कंपनीनं बराच काळ पाळलं. एवढ्या मोठ्या जगाला दीड महिन्याला नवी पालवी फुटत राहणं, हे कारखान्याच्या शिस्तीचं काम आहे.

तिसऱ्या थरावर आलो की गाडी अडते. गेम ऑनलाइन आहे, इंटरनेट गेलं की बंद पडतो. पण त्याच्या मुख्य जगात एका वेळी जास्तीत जास्त चार जण, तेही बऱ्यापैकी प्रगती केल्यावर. मी भाच्याला विचारलं, "तुझ्याकडं एवढं सामान साठलंय. अंबडच्या तुझ्या दोस्ताला त्यातलं एखादं सफरचंद तरी देता येतं का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "नाही मामा. द्यायची सोयच नाही."

द्यायची नाही, विकायचीही नाही. बाजार नाही, म्हणून भाव नाही. त्या खुल्या जगात एक खेळाडू दुसऱ्यावर वार करू शकत नाही. बार्टलच्या भाषेत, चौकट आणि इस्पिकवाल्यांची चंगळ, बदामवाले ओसरीवर, आणि किलवरवाल्यांना दार बंद. ऑक्टोबर २०२५ मध्ये खेळाडूंना स्वतःचे खेळ रचता येतील असा विभाग त्यात आला, पण ती वाट 'रोब्लॉक्स' या दुसऱ्या गेमनं २००६ पासून रुळवलेली आहे. जंगल रिकामं करणारे, राजाला जाळणारे, हप्ता भरायला विसरणारे लोक इथल्या मुख्य जगात होऊच शकत नाहीत. ऑनलाइन म्हणवणारा हा खेळ बराचसा एकट्यानं वाचायच्या पुस्तकासारखा आहे.

गल्ल्याची करामत

राहिला गल्ला. गेम फुकट आहे, मग एवढा खर्च भरून कसा निघतो? उत्तर जपानी खेळण्यांच्या यंत्रात आहे. नाणं टाकून दांडा फिरवला की एक बंद डबी बाहेर पडते. आत कोणतं खेळणं ते उघडल्यावर कळतं. हा 'गाचा'. आपल्याकडं राजूरच्या जत्रेत पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असायच्या. चार आण्यांना एक चिठ्ठी फाडायची, आणि वर टांगलेल्या मोठ्या बक्षिसाकडं बघत हातात शिट्टी घेऊन घरी जायचं.

'गेन्शिन'मध्ये हवं ते पात्र असं चिठ्ठी फाडून मिळवावं लागतं. सर्वांत वरच्या, पाच ताऱ्यांच्या पात्राची शक्यता एका चिठ्ठीला ०.६ टक्के. ही टक्केवारी गेममध्येच लिहिलेली असते. चीननं मे २०१७ पासून कंपन्यांना ती जाहीर करायला लावली आहे. गणित करून पाहू. दहा चिठ्ठ्या फाडल्या तरी एकदा लागण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के. सत्तर चिठ्ठ्यांनंतरही ती एक तृतीयांशाच्या आसपास. नव्वदाव्या चिठ्ठीला मात्र हमखास लागते. पण मूळ नियमाप्रमाणे ते पात्र आपल्याला हवं तेच असेल याची शक्यता निम्मी. नसलं तर पुढच्या खेपेला नक्की. म्हणजे नशीब पार फिरलं तर १८० चिठ्ठ्या. एका चिठ्ठीला १६० रत्नं, तेव्हा २८,८०० रत्नं. ती खेळून थोडी-थोडी मिळतात, किंवा पैसे मोजून लगेच.

जोडीला हजेरीची युक्ती. काही बक्षिसं घ्यायला एक प्रकारचं इंधन लागतं, ते दर आठ मिनिटांना एक कण भरतं आणि ठरावीक मर्यादेला थांबतं. आज २०० ची मर्यादा धरली तर साधारण २७ तासांत टाकी भरते. त्याच्या आत फिरकला नाहीत तर पुढचं वाया. रोज एकदा तरी गेम उघडण्याची सवय इथून लागते.

गाचा 'गेन्शिन'चा शोध नव्हे. जपानच्या मोबाइल खेळांत तो दशकभर आधीपासून रुळला होता, आणि त्याचा एक जाचक प्रकार तिथल्या ग्राहक यंत्रणेनं २०१२ मध्येच बेकायदा ठरवला होता. 'गेन्शिन'नं काय केलं, तर छोट्या, स्वस्तात बनणाऱ्या खेळांना पोसणारी ही पेटी एका विशाल, महागड्या जगाला जोडली, आणि ती तेवढं जग पोसू शकते हे दाखवलं. नंतर अनेक कंपन्यांनी तोच साचा उचलला. त्याची किंमतही पुढं आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत गेम चालवणाऱ्या कंपनीला २ कोटी डॉलर भरावे लागले, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, हे मान्य करावं लागलं. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आली. चिठ्ठीतून पैसे नव्हे, पात्र मिळतं. त्यामुळं या सोडतीवर लक्ष ठेवायचं काम अजून घरातल्या मोठ्यांचंच आहे.

जुन्या सोंगात नवा जीव

कुणी म्हणेल, जोडणीला नवं म्हणायचं का? आमच्या मराठवाड्यात तरी याला 'नाही' म्हणता येणार नाही. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच वरच्या अंगाला पैठण. तिथं सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी ही पात्रं त्यांनी निर्माण केली नाहीत. ती गल्लीबोळांतून फिरतच होती, त्यांची सोंगं, चाली, बोलणं लोकांना पाठ होतं. नाथांनी त्यांच्या तोंडी अध्यात्म दिलं. सगळं सामान जुनं, आणि तरी आधी न झालेलं काम त्याच्याकडून करून घेतलं. जोडणीचा कस इथं लागतो: जोडल्यावर जुन्या वस्तूनं नवं काही केलं का?

हाच कस पुण्यात बनलेल्या दोन खेळांना लावून पाहता येईल. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. तो ऑनलाइन नाही. देव-असुरांच्या जगात भावाला शोधणाऱ्या सर्कशीतल्या मुलीची गोष्ट आहे. मारामारीचा डाव ओळखीचा, पण कथा सांगायला छायाबाहुल्या आणि भारतीय चित्रशैली वापरल्या, आणि त्या जगभर पोचल्या. म्हणजे नवेपण सोंगाच्या थरात. सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. हा रोल-प्लेइंग नव्हे, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला अशा जातीचा. त्याचं सोंग भविष्यातल्या भारताचं. पण त्यानं डावातही एक खुंटी हलवली: शेवटी 'कॉस्मियम' नावाचा स्फटिक प्रकटतो, आणि सगळ्यांना न मारताही तो काबीज करून जिंकता येतं. बदल लहान आहे, पण तो नियमांत आहे, म्हणून त्याची नोंद घ्यायची.

मग 'गेन्शिन'चा निकाल काय? सोंग उसनं, पण उत्तम शिवलेलं. डाव जुन्या तुकड्यांचा, जोडणी खरोखर नवी. गल्ला जुना, पण एवढ्या मोठ्या दुकानात पहिल्यांदा मांडलेला, आणि धंद्यावर सर्वांत खोल ठसा त्याचाच. माणसांच्या थरात मात्र हा गेम १९७८ च्या त्या चित्रहीन 'मड'च्याही मागं आहे. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की गेम चांगला आहे, 'आजपर्यंत झालाच नाही' असा नाही.

पुढच्या वेळी कुणी पोरगं नव्या गेमचं कौतुक करत आलं तर त्याला हटकू नका. शेजारी बसा आणि चार प्रश्न विचारा. दिसतं कसं, ते तो आपणहून दाखवेल. मग विचारा: यात असं काय करता येतं, जे मागच्या गेममध्ये येत नव्हतं? दोस्तासाठी काय करता येतं? आणि पैसे कुठं मागतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत आपलं यूपीआय त्या फोनवर ठेवू नका.